‘ओ’ गट आणि बॉम्बे गट: तपासणीत सारखे, वारशात वेगळे

रक्तदानाचे आवाहन करणाऱ्या संदेशांत ‘बॉम्बे ओ’ किंवा ‘बॉम्बे निगेटिव्ह’ असे शब्द वरचेवर वाचायला मिळतात, आणि ते पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की हा ओ गटाचाच एक दुर्मीळ प्रकार आहे. तो तसा नाही. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ही आरएच घटकाची स्वतंत्र बाब आहे, ती येथे बाजूला ठेवू. मुंबईकर असण्याशीही या गटाचा संबंध नाही, डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये तो प्रथम मुंबईत नोंदवला, एवढेच. पुढे शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे मात्र तेच राहिले.

ए, बी, एबी आणि ओ हे गट वाचकाला शाळेपासून ठाऊक आहेत. त्यांच्या मुळाशी लाल पेशीवरचा एच नावाचा प्रतिजन, म्हणजे पेशीची ओळख पटवणारा घटक असतो, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. एच ही भिंतीवरची खुंटी मानली, तर ए आणि बी या तिच्यावर अडकवायच्या दोन टोप्या होत. ओ गटात खुंटी असते, टोपी नसते. बॉम्बे गटात खुंटीच नसते. नुसत्या ए आणि बीविरुद्धच्या द्रवांनी तपासले, तर दोन्ही भिंती सारख्याच रिकाम्या दिसतात आणि अहवालावर ‘ओ’ असे लिहिले जाते. रुग्णाचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींबरोबर मिसळला की खरा प्रकार कळतो, कारण बॉम्बे गटाच्या रक्तात एचविरुद्धही प्रतिपिंडे, म्हणजे परक्या घटकाला चिकटणारी संरक्षक प्रथिने असतात आणि त्या पेशी पुंजके करून एकमेकींना चिकटतात. म्हणूनच ‘सर्वांना चालणारे’ ओ रक्त या रुग्णांच्या जिवावर बेतू शकते.

खरा घोटाळा होतो तो वारशाच्या बाबतीत. खुंटीचे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे आणि टोप्यांचे नवव्या, त्यामुळे दोन्हींचा वारसा परस्परांपासून स्वतंत्रपणे चालतो. ओ गटाच्या व्यक्तीजवळ ए किंवा बीचे कार्यक्षम जनुक नसते; बॉम्बे गटाच्या व्यक्तीजवळ ते असू शकते, फक्त खुंटीअभावी ते दिसत नाही. समजा, वडील बॉम्बे गटाचे आहेत, त्यांच्याकडे ए आणि ओ अशी जनुके आहेत, आणि आई साध्या ओ गटाची असून तिची एच जनुके निर्दोष आहेत. प्रत्येक मुलाला आईकडून खुंटी मिळतेच आणि वडिलांकडून ए मिळण्याची शक्यता निम्मी असते. ते मिळाले, तर अहवालांवर आई ओ, वडील ओ आणि मूल ए असे चित्र उभे राहते. ‘ओ आणि ओ यांचे मूल ए होऊच शकत नाही’ असे ठणकावून सांगणारे तज्ज्ञ प्रत्येक कुटुंबात असतात आणि अशा वेळी संशयाचे बोट आईकडेच वळते, याची मला विलक्षण चीड आहे. अडाणीपणापेक्षा अर्धवट शिकलेला नियम अधिक घात करतो.

हा गट भारतात साधारण दहा हजारांत एखाद्याचा असतो. त्यासाठी एचचे निकामी जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावे लागते, म्हणून मामे-आते भावंडांच्या विवाहांत त्याची शक्यता वाढते. दोघांकडे एकेकच निकामी जनुक असेल, तर त्यांची खुंटी शाबूत राहते आणि प्रत्येक अपत्याला बॉम्बे गट मिळण्याची शक्यता चारांत एक असते. याचा अर्थ चार मुलांपैकी नेमके एक, असा कृपया घेऊ नये. रुग्णासाठी दाता शोधताना आईवडिलांपेक्षा सख्खी भावंडे आधी तपासावीत, ती याच कारणाने.