पेटी बंद केल्यावर : मिश्र स्वरांच्या उपासना-गायनाची पार्श्वभूमी

मिरजेत चर्चचा क्वायर, म्हणजे उपासनेतला गायकसमूह, उभा राहतो तेव्हा सोप्रानो-आल्टो हे उंच स्वरांचे भाग बायका गातात, टेनर-बेस हे खालचे भाग पुरुष. पेटी (हार्मोनियम) बंद करून, निव्वळ गळ्यावर हे चार भाग गायचे म्हणजे ‘आ कापेल्ला’. या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ ‘चॅपलच्या (लहान प्रार्थनाघराच्या) रीतीने’ एवढाच. ‘वाद्याविना’ हा अर्थ एकोणिसाव्या शतकात पक्का झाला. आपली वाट वेगळी. साताऱ्यात अखेरची वर्षे काढलेल्या, 1919 मध्ये निवर्तलेल्या कवी ना. वा. टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग-भजनाचा सूर दिला; त्यात चाल एकच, ती सगळ्यांची.

बायकांनी क्वायरमध्ये गाणे इथे कुणाला नवल वाटत नाही. कॅथलिक चर्चमध्ये मात्र त्यावर बंदी होती. 22 नोव्हेंबर 1903 रोजी रोमहून उपासना-संगीताविषयी आदेश निघाला. त्याने नाटकी ढंगाची गाणी आणि पियानो बाहेर काढले, जुन्या एकसुरी पठणाला आणि सोळाव्या शतकातल्या बहुस्वरी गायनाला पुन्हा मान दिला. वाद्याविना गायनाला विसाव्या शतकात जे बळ मिळाले, त्यात या आदेशाचा वाटा मोठा आहे. पण त्याच कागदात म्हटले होते की क्वायरमध्ये गाणे हे उपासनेतले पद आहे, ते स्त्रीला देता येत नाही. उंच स्वर हवे असतील तर मुलगे घ्या. बाजू घेणारे सांगतात, आक्षेप आवाजाला नव्हता, पदाला होता. असेल. पण गप्प बसावे लागले ते बाईच्या गळ्यालाच. 1955 मध्ये थोडी सूट मिळाली, तीही मुलगे पुरेसे नसतील तर, वेदीच्या आवाराबाहेर आणि पुरुषांपासून पूर्ण वेगळे उभे राहून. 1967 च्या सूचनापत्रात स्त्री-पुरुषांचा एकत्र क्वायर सरळ मान्य झाला. आपल्याकडच्या बहुतेक मंडळ्या प्रोटेस्टंट परंपरेतल्या, म्हणून ही झळ इथे पोचली नाही.

रचनाकार तोवर थांबले नव्हते. मॉस्कोत 1915 मध्ये रात्रजागराच्या उपासनेची थोर रचना झाली. तिथल्या चर्चमध्ये वाद्य मुळातच वर्ज्य, पण पहिल्या गायनात उंच स्वर मुलग्यांचेच होते. एका स्विस रचनाकाराने 1926 मध्ये दोन क्वायरांसाठी मिस्सा (कॅथलिक मुख्य उपासनेची संगीतरचना) पूर्ण केली आणि ती देवाची नि आपली खाजगी गोष्ट मानून 1963 पर्यंत कुणाला गाऊ दिली नाही. 1970 च्या दशकात एस्टोनियातून अगदी मोजक्या स्वरांची, शांततेला जागा देणारी शैली आली. आज जगभरचे क्वायर गातात त्यावर तिची छाया आहे.

मिरजेत हे संगीत परके वाटू नये, याचे कारण तंबोरा. नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो स्वयंभू गंधार. पेटीचा गंधार त्याच्याहून सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. पेटी बंद झाली की चांगला क्वायर ऐकत ऐकत त्या स्वयंभू गंधाराकडे उतरतो आणि सगळा स्वरमेळ एकदम स्थिरावतो. मग शेवटी पेटीवर सूर ताडून पाहिला, तर पुष्कळदा सगळेच थोडे खाली आलेले असतात.