प्लेगपासून लोकलच्या पासापर्यंत

31 मे 2020 रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी कोरोनाची टाळेबंदी टप्प्याटप्प्यानं उठवत असल्याचं जाहीर केलं. सरकारी आदेशात या मोहिमेचं नाव 'मिशन बिगिन अगेन' होतं, भाषणात 'पुनश्च हरिओम'. हा मथळा टिळकांच्या अग्रलेखाचा. 1899 च्या जुलैमध्ये 'केसरी'ची सूत्रं पुन्हा हाती घेताना त्यांनी तो वापरला होता. मधल्या काळात ते राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात जाऊन आले होते, आणि त्या खटल्याची मुळं प्लेगच्या बंदोबस्तात होती. पुण्यात गोऱ्या सोजिरांकरवी घरोघर झडत्या घेणाऱ्या प्लेग कमिशनर रँडवर 22 जून 1897 ला गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली आणि सरकारनं 'केसरी'तल्या लिखाणावर बोट ठेवलं. 2020 च्या भाषणात मथळा आला, त्यामागचं भांडण मात्र बाहेरच राहिलं. कायदा तर तोच होता: प्लेगसाठी 1897 च्या फेब्रुवारीत केलेला साथरोग कायदाच राज्यानं मार्च 2020 मध्ये लागू केला होता.

'सगळं पूर्वपदावर येतंय' हे वाक्य त्या वर्षभरात आपण हजारदा ऐकलं. पूर्वपद कुणाचं, ते कुणी ठरवायचं आणि त्यात आधी कुणाला शिरू द्यायचं, हा वाद मुंबईला नवा नव्हता.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या काही महिन्यांत साडेआठ लाखांच्या घरातली मुंबई जवळजवळ निम्मी रिकामी झाली. कोकणी, घाटी गिरणी कामगारांनी गावची वाट धरली. मग एक गंमत झाली. ज्या मालकांनी महिन्याचा पगार हातचा राखून द्यायची पद्धत बसवली होती, तेच माणसं मिळेनात म्हणून रोजच्या रोज मजुरी मोजायला लागले आणि नाक्यानाक्यावर कामगारांसाठी चढाओढ सुरू झाली. साथ ओसरली तशी जुनी पद्धत परत आणायची खटपट झाली आणि त्यावरून संपही झाले. मालकांना पूर्वीसारखं हवं होतं. कामगारांना पूर्वीसारखं नको होतं.

सरकारनं 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला. कोंदट वस्त्या पाडायच्या, हवा खेळती करायची, रस्ते रुंद करायचे, असा बेत होता. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड ही त्याचीच कामगिरी. रस्ते देखणे झाले, पण पाडलेल्या खोल्यांच्या मानानं बांधलेल्या खोल्या कमी पडल्या आणि बेघर झालेले लोक शेजारच्या चाळीत आणखी दाटीवाटीनं राहू लागले. याच ट्रस्टनं उत्तरेला दादर, माटुंगा, शीवच्या योजना आखल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्यातूनच उभ्या राहिल्या. कचेऱ्या मात्र फोर्टातच राहिल्या. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. लोकलच्या गर्दीला पुढची कारणं पुष्कळ आहेत, पण घर उत्तरेला आणि नोकरी दक्षिणेला ही घडी सरकारी धोरण म्हणून बसली ती प्लेगनंतर. 1918 च्या मानमोडीनं, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीनं, त्यात काही बदललं नाही. माणसं अतोनात मेली आणि शहर कामाला लागलं.

मार्च 2020 मध्ये लोकल थांबली तेव्हा हीच घडी उसवली. 15 जूनला ती पुन्हा सुरू झाली, फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. खासगी कार्यालयं हळूहळू उघडत होती, पण तिथल्या माणसाला गाडीत चढायची मुभा नव्हती. वसई-विरार, कल्याण-बदलापूरचे लोक एसटीच्या रांगेत तासन्‌तास उभे राहायचे. 22 जुलैला नालासोपाऱ्यात चिडलेले प्रवासी थेट रुळांवर उतरले. घरकाम करणाऱ्या बायकांना तर दुहेरी बंदी: रेल्वेच्या लेखी त्या अत्यावश्यक नव्हत्या आणि कितीतरी सोसायट्यांनी त्यांना फाटकातच अडवलं होतं. बायकांना ठरावीक वेळेत लोकल मिळाली 21 ऑक्टोबरपासून, सर्वांना 1 फेब्रुवारी 2021 पासून, तीही वेळा पाळून. दुसऱ्या लाटेत एप्रिलमध्ये पुन्हा बंद.

15 ऑगस्ट 2021 पासून लशीच्या दोन मात्रा आणि वर 14 दिवस, अशी अट आली. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्यांनी प्रमाणपत्राची प्रत आणि ओळखपत्र घेऊन स्टेशनवरच्या मदत कक्षात जायचं, पालिकेच्या कर्मचाऱ्याकडून शिक्का मारून घ्यायचा, मग खिडकीवर महिन्याचा पास. सुरुवातीला साधं तिकीट मिळतच नव्हतं. ज्याला आठवड्यातून दोनदाच काम लागायचं, त्यानंही महिन्याचे पैसे भरायचे. नियम करणाऱ्याला हे सुचलं नसेल, कारण त्याच्या डोळ्यांसमोर पगारदारच होता.

खेड्यांत तर तारखा आणखी वेगळ्या. शहरातले निर्बंध सैल होत असतानाच, 2021 च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप पेटला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. शाळा उघडली, पण शाळेत नेणारी बस नाही, अशी गत कितीतरी गावांची होती. राज्यानं सगळे निर्बंध उठवले ते 2022 च्या गुढीपाडव्याला. ज्या गावात लाल गाडीच येत नव्हती तिथं तो पाडवा कसला?

टाळेबंदीत कार्यालयांच्या वेळा विभागून देण्याची सूचना जोरात होती. घरून काम जमतं हेही दिसलं होतं. ते फार टिकलं नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर 2019 मध्ये अडीच हजारांहून अधिक माणसं मेली होती, बहुतेक रूळ ओलांडताना किंवा गाडीतून पडून. 2020 मध्ये हा आकडा निम्म्याहून खाली आला आणि 2022 मध्ये परत अडीच हजारांवर गेला. पूर्वपदावर येणं याला म्हणत असतील तर आपण खरंच आलो. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडून दगावले. रेल्वेनं नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारी दारं बसवण्याचं जाहीर केलं आणि कार्यालयांनी वेळा बदलाव्यात ही जुनीच विनंती पुन्हा पुढे आली.