कार्यक्रमांच्या फटीतली गिटार

रेडिओवर एक कार्यक्रम संपून दुसरा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं उरली, की निवेदक काही न बोलता एखादी धून लावून द्यायचे. चाल ओळखीच्या हिंदी गाण्याची, शब्द नाहीत, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर ओघळत जाणारा तो आवाज. ‘हवाईयन गिटार’ हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वाजवतंय कोण, हे मात्र कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. बातम्यांची वेळ झाली की धून अंतऱ्यातच तोडली जाई. व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली, हजारा सिंग ही नावं मला फार पुढे, जुन्या रेकॉर्डींच्या वेष्टनांवर वाचायला मिळाली.

ही हवाईयन गिटार, म्हणजेच स्टील गिटार, वाजवणारे विस्मरणात का जातात, याचं अर्धं उत्तर त्या फटीतच आहे. या वाद्याचा आवाज इतका ठसठशीत, की तो वादकाच्या नावावर जमा होत नाही. ऐकणाऱ्याला हवाईचा समुद्रकिनारा आठवतो, अमेरिकेतला ट्रक चालवणारा आठवतो, नाहीतर साठच्या दशकातला सिनेमा आठवतो. त्या आठवणीची हौस फिटली की वादकही तिच्याबरोबर अडगळीत जातो. परत आलाच, तर बहुतेकदा कोणाच्या तरी कपाटात जपलेल्या तबकडीच्या पुण्याईने.

मुळापासून पाहू. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, तारा पट्ट्यांपासून उंच उचलायच्या, खुंट्या पिळून त्या एखाद्या स्वरमेळात लावायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांब तारांवरून सरकवायची, ही युक्ती हवाईतल्या लाइए गावच्या जोसेफ केकुकूच्या नावावर मांडली जाते. जन्म १८७४चा. होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत शिकत असताना, १८८९च्या सुमारास, त्याला ती सापडली असं मानतात. दुसरे दावेदारही आहेत, आणि त्यातला एक आपल्यासाठी गमतीचा: गॅब्रिएल डॅव्हियन. हा भारतात जन्मलेला. त्याला लहानपणी एका जहाजाच्या कप्तानाने पळवून हवाईत आणलं, असं सांगतात. १८८४ साली तो गिटारच्या तारेवर काहीतरी सरकवून वाजवत असे, अशी आठवण हवाईचे संगीतकार चार्ल्स किंग यांनी पुढे सांगितली. त्यावरून ‘स्टील गिटार मूळची आपलीच’ असं छातीठोकपणे सांगणारे आपल्याकडे भेटतात. विचित्रवीणा आणि गोट्टुवाद्यम यांत तारेवर काचेचा किंवा लाकडाचा गोटा सरकवतात हे खरं. पण एका आठवणीवर एवढा मोठा डोलारा उभा करू नये.

१८९३ला हवाईचं राज्य उलथवलं गेलं, १८९८ला बेटं अमेरिकेने गिळली. केकुकू १९०४ साली अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला, गावोगाव वाजवत आणि शिकवत हिंडला, युरोपातही फिरला. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाईच्या दालनापुढे गर्दी हटेना, आणि पुढच्याच वर्षी हवाईयन संगीताच्या तबकड्यांनी अमेरिकेत विक्रीत बाकी सगळ्यांना मागे टाकलं. लाट एवढी मोठी होती. केकुकू १९३२ साली न्यू जर्सीत वारला तेव्हा त्याचं वाद्य घरोघरी होतं. तो स्वतः किती जणांना माहीत होता, हा प्रश्नच आहे. त्याच वर्षी बाजारात आलेली, तव्यासारखी दिसणारी रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ ही चार पैसे कमावणारी पहिली इलेक्ट्रिक गिटार. तीही मांडीवर ठेवून वाजवायची स्टील गिटारच. आज इलेक्ट्रिक गिटार म्हटल्यावर गळ्यात अडकवलेली गिटार डोळ्यांपुढे येते. म्हणजे घरात आधी आलेली थोरली जाऊच विसरली गेली!

लाट ओसरल्यावर एकेकाची गत वेगळी झाली. सोल होओपी हा १९२० आणि १९३०च्या दशकांतला सगळ्यात चपळ हाताचा वादक. १९३८ साली त्याने धर्मप्रचाराची वाट धरली आणि क्लब-सिनेमांकडे पाठ फिरवली. अमेरिकी कंट्री संगीताचं माहेर असलेल्या नॅशव्हिलमध्ये, वेब पिअर्स या गायकाच्या १९५४ साली गाजलेल्या एका गाण्यात बड आयझॅक्सने पेडल दाबून वाजत्या सुरांनाच ओढ दिली, आणि पेडल नसलेली गिटार रातोरात जुनाट ठरली. जेरी बर्ड या ओहायोच्या वादकाने पेडलला हात लावला नाही. ज्याच्या सुरांनी कंट्री गायक हँक विल्यम्सच्या १९४९च्या गाण्यांना धार आली, तो माणूस १९७२ साली बाडबिस्तरा आवरून होनोलुलूला राहायला गेला. तिथे त्याला काय दिसलं? नवी पिढी आपली भाषा, आपलं नृत्य, आपलं संगीत नव्याने शोधत होती; पण मान मिळत होता तो सैल तारांच्या ‘स्लॅक की’ गिटारला. स्टील गिटारवर हॉटेलातल्या पर्यटकांची करमणूक असा शिक्का बसला होता. मग या ओहायोच्या माणसाने हवाईच्या पोरांना त्यांचंच वाद्य शिकवलं. ॲलन अकाका त्यातलाच. बर्ड २००५ साली होनोलुलूतच गेला.

‘विसरला’ म्हणताना कोणी विसरला हेही विचारायला हवं. अमेरिकेतल्या ‘हाउस ऑफ गॉड’ या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून प्रार्थनेला स्टील गिटार वाजते आहे. बापाकडून मुलाकडे विद्या जात राहिली, दर रविवारी शेकडो माणसं ऐकत राहिली. बाहेरच्या जगाला तिचा पत्ता लागला १९९०च्या दशकात, रॉबर्ट स्टोन या लोकसंगीताच्या अभ्यासकाने फ्लॉरिडात ध्वनिमुद्रणं केल्यावर. वर्तमानपत्रांच्या लेखी तो ‘शोध’ होता. चर्चमधल्या माणसांच्या लेखी काहीच हरवलं नव्हतं.

आता ताउ मोची गोष्ट, जिच्यासाठी मुळात हे लिहायला बसलो.

ताउ मो १९०८ साली सामोआत जन्मला आणि केकुकूच्याच लाइए गावात वाढला. विशीतच तो आणि त्याची बायको रोझ मादाम रिव्हिएर यांच्या हवाईयन मंडळीत सामील होऊन आशियाच्या दौऱ्यावर निघाले. १९२९ साली टोकियोत या मंडळींनी काही गाणी ध्वनिमुद्रित केली. मंडळी पुढे पांगली, पण मो जोडपं घरी परतलं नाही. चीन, फिलिपाइन्स, भारत, इजिप्त, युरोप करत ते पन्नासेक वर्षं फिरत राहिले. मुलं वाटेतच झाली आणि वाटेतच मंचावर उभी राहिली. आपल्याकडच्या तमाशाच्या फडांना हे चित्र ओळखीचं वाटेल. फरक एवढाच, की यांचा फड कनाती न बांधता हॉटेलांच्या नाचघरांत उतरे.

महायुद्धाच्या काळात हे कुटुंब कोलकात्यात अडकलं आणि तिथेच रमलं. साहेब, सैनिक, संस्थानिक, सगळ्यांची वर्दळ. संध्याकाळी हॉटेलात नाच. ताउ मोने तिथे वाजवलं आणि शिकवलंही. त्याच्याकडे शिकलेल्या गार्नी निस या कोलकात्याच्या अँग्लो-इंडियन वादकाचा ‘अलोहा बॉइज’ हा वाद्यवृंद आकाशवाणीवर वाजत असे. तिथून हवाईयन गिटार बंगाली घरांत इतकी शिरली, की रवींद्रसंगीत तिच्यावर वाजवणं ही एक रीतच होऊन गेली. सुजित नाथ, काझी नजरुल यांचे पुत्र काझी अनिरुद्ध, बटुक नंदी आणि आमच्या फटीतले सुनील गांगुली, सगळे याच शहरातले. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, ज्यांना आईच्या अंगाईपासून ऐकायची सवय, त्यांना सरकत्या सुराचं हे वाद्य परकं वाटलंच नाही.

मो कुटुंब नंतर पुन्हा युरोपात गेलं आणि म्हातारपणी लाइएला परतलं. हवाईत त्यांना ओळखणारं फारसं कोणी उरलं नव्हतं. ज्या काळात नाव व्हायचं, त्या काळात ते गावातच नव्हते. मग ताउ मोने बॉब ब्रोझमन या कॅलिफोर्नियातल्या गिटारवादकाला पत्र धाडलं. तुमची रेकॉर्ड हवी आहे, असलं संगीत मीही १९२९ साली वाजवलं आहे, अशा अर्थाचं. ब्रोझमन जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांचा वेडा. टोकियोतल्या त्या ध्वनिमुद्रणांवर त्याचा जीव होता आणि ती वाजवणारी माणसं कधीच गेली असतील, असं तो धरून चालला होता. पत्रावर सही होती जिवंत माणसाची.

ब्रोझमन हवाईला गेला. साठ वर्षांपूर्वी गायलेली गाणी रोझने पुन्हा गायली, ऐंशीच्या घरात असताना, मुलं सोबतीला. १९८९ साली राउंडर कंपनीने ती रेकॉर्ड काढली. मला या प्रसंगात सगळ्यात भावतं ते हे, की पुढाकार म्हाताऱ्याचा होता. कोणी शोधत येईल म्हणून तो वाट पाहत बसला नाही, ऑर्डर द्यावी तसं पत्र टाकलं. रोझ १९९८ला गेली, ताउ २००४ला.

इकडे भारतात दुसरंच काही घडत होतं. मुंबईत व्हॅन शिप्लेंनी हिंदी गाण्यांच्या धुनी गिटारवर आणून स्वतःच्या नावाने रेकॉर्डी काढल्या. लखनौचा हा माणूस आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार स्वतः बेतून वाजवायचा, व्हायोलिनही वाजवायचा, आणि पुण्याचे एनॉक डॅनियल्स ॲकॉर्डियनवर त्याच्या जोडीला असत. या रेकॉर्डी खपल्या भरपूर. पण मूळ गाणी आठवायला आधार म्हणून त्या ऐकल्या जात. गाण्याची कॅसेट पाच-दहा रुपयांत मिळू लागल्यावर धुनीची गरजच संपली. शिप्ले २००८ साली मुंबईत वारले.

शास्त्रीय बाजूला ब्रिजभूषण काब्रा होते. जोधपूरचे, अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. कोलकात्यात ऐकलेल्या या वाद्याला चिकारीची, म्हणजे मधूनमधून छेडून ठेका धरायची, तार जोडून त्यांनी त्यावर आलाप-जोड बसवला. १९६७ साली एचएमव्हीने ‘कॉल ऑफ द व्हॅली’ काढली. तिच्यामागे कंपनीतले जी. एन. जोशी होते, म्हणजे मराठी भावगीताच्या पहिल्या गायकांपैकी एक. तबल्याला माणिकराव पोपटकर. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर काब्रा. पहिली दोन नावं आज शाळेतलं पोरही सांगेल. तिसरं विचारून पाहा. काब्रा कुठे कमी पडले असं नव्हे. माझ्या मते संतूर-बासरीला आपल्याकडे डोंगर आणि कृष्ण मिळाला; गिटारच्या वाट्याला मात्र हवाई बेटं आणि विविध भारती. रागसंगीताच्या मैफलीत त्या नावाचं ओझं वाहणं सोपं नव्हतं.

विश्वमोहन भट्टांनी तो गुंता नावापासूनच सोडवला. तरफेच्या, म्हणजे मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या, तारा जोडून गिटारला त्यांनी ‘मोहनवीणा’ म्हटलं. (राधिका मोहन मैत्र यांच्या एका निराळ्या वाद्याला हे नाव त्याआधीच मिळालं होतं; त्यावरची कुरबुर अजून संपलेली नाही.) राय कूडर या अमेरिकी गिटारवादकाबरोबरच्या रेकॉर्डला १९९४ साली ग्रॅमी मिळालं आणि मग गिटारचं बूड कुठलं, हे विचारायची कोणाला गरज राहिली नाही.

काब्रांचे शिष्य देबाशिष भट्टाचार्य कोलकात्याचे. त्यांनीही आपल्या वाद्यांना चतुरंगी, गांधर्वी, आनंदी अशी नावं दिली, पण हवाईचं नातं लपवलं नाही. २००३ साली त्यांची एक रेकॉर्ड बॉब ब्रोझमनबरोबर निघाली, त्याच ब्रोझमनबरोबर. २०१७ साली त्यांनी आणखी एक काढली, ‘हवाई टू कलकत्ता’, ताउ मोला अर्पण केलेली. काब्रा पुढच्या वर्षी अहमदाबादेत गेले.