डी हॅविलँड मॉथ

डी हॅविलँड डीएच ६० मॉथ हे दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील दोन आसनी, उघड्या बैठकीचे, हलके ब्रिटिश दुपंखी (एकावर एक दोन पंख असलेले) विमान. विमानाचे रचनाकार जेफ्री डी हॅविलँड यांनी २२ फेब्रुवारी १९२५ रोजी लंडनजवळच्या स्टॅग लेन विमानतळावरून त्याचे पहिले उड्डाण स्वतः केले. हौशी वैमानिकाला परवडेल आणि सांभाळता येईल असे विमान बनवण्याचे प्रयत्न तोवर बरेच झाले होते. त्यातली बहुतेक विमाने एक तर फार दुबळी असत, नाही तर बोजड. मॉथने हा मध्य अचूक साधला.

त्याचे खरे श्रेय इंजिनाला द्यावे लागते. पहिल्या महायुद्धानंतर रेनॉ कंपनीची आठ सिलिंडरांची, हवेने थंड होणारी इंजिने मोठ्या संख्येने पडून होती. फ्रँक हॅलफर्ड या अभियंत्याने त्यांतले चारच सिलिंडर घेऊन, त्यांना नवे क्रँककेस (इंजिनाच्या फिरत्या दांड्याचे कवच) जोडून सुमारे ६० अश्वशक्तीचे ‘सिरस’ इंजिन तयार केले. शिलकी मालामुळे ते स्वस्त पडले. पण असा साठा कधी ना कधी संपणारच, म्हणून डी हॅविलँड कंपनीने पुढे स्वतःचे ‘जिप्सी’ इंजिन बनवले. ते सुमारे १०० अश्वशक्तीचे होते. ते बसवलेले ‘जिप्सी मॉथ’ हेच या घराण्यातले सर्वांत प्रसिद्ध विमान.

सांगाडा लाकडी, धडाला प्लायवूड, पंखांना कापड. इंधनाची टाकी वरच्या पंखाच्या मध्यभागी असल्याने पेट्रोल आपल्या वजनानेच इंजिनात उतरे, पंपाची गरज नसे. पंख मागे दुमडले की रुंदी जेमतेम तीन मीटर उरे. मग विमान साध्या शेडमध्ये राही किंवा मोटारीमागे बांधून नेता येई. नावही यावरूनच आले. डी हॅविलँड यांना कीटकांचा, विशेषतः पतंगांचा, मनापासून छंद होता आणि मिटलेले पंख पाहून त्यांना दिव्याभोवती फिरणारा पतंग आठवला.

१९२५ पासून ब्रिटिश सरकारने उड्डाण क्लबांना अनुदान दिले, तेव्हा क्लबांचे विमान म्हणजे मॉथ असे समीकरणच झाले. ब्रिटिश वैमानिक एमी जॉन्सनने १९३० च्या मे महिन्यात ‘जेसन’ नावाच्या जुन्या जिप्सी मॉथमधून लंडनजवळचे क्रॉयडन ते ऑस्ट्रेलियातील डार्विन हा प्रवास एकटीने १९ दिवसांत पुरा केला. वाटेत इंधन संपत आल्याने ती झाशीच्या परेड मैदानावर उतरली होती. ‘जेसन’ आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

त्याच महिन्यात भारत-इंग्लंड एकट्याने उडण्यासाठी आगाखान यांनी ठेवलेल्या बक्षिसाची चुरस रंगली. कराचीहून निघालेले जेआरडी टाटा आणि इंग्लंडहून निघालेले आस्पी इंजिनियर, दोघांकडेही जिप्सी मॉथच होते. इजिप्तमध्ये अबूकीर येथे भेट झाली, तेव्हा आस्पी स्पार्क प्लगवाचून अडकले होते. टाटांनी आपल्याजवळचा प्लग त्यांना दिला. बक्षीस आस्पींनी जिंकले. हवाई स्पर्धांच्या इतिहासात इतका उमदा प्रसंग क्वचितच सापडेल. पुढे हेच आस्पी भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. १९३६ मध्ये लाहोरला भारताच्या सुरुवातीच्या महिला वैमानिकांपैकी एक सरला ठकराल यांनीही साडी नेसून जिप्सी मॉथच उडवले.

१९३१ मध्ये याच आराखड्यातून लष्करी प्रशिक्षणासाठी ‘टायगर मॉथ’ निघाले. पुढच्या बैठकीतल्या माणसाला पॅराशूटसह बाहेर पडता यावे म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला गेला. दुमडणारे पंख मात्र त्यात राहिले नाहीत.