दीडशे रुपयांच्या किल्लीने गाडी का सुरू होत नाही?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी एक निरोप फिरून येतो. किल्ली आत राहून गाडी लॉक झाली तर घाबरू नका. घरी फोन लावा, घरच्यांना दुसऱ्या किल्लीचं बटण फोनजवळ धरून दाबायला सांगा, आपला फोन दाराशी धरा, दार उघडेल! यंदा तो माझ्या आतेभावाने पाठवला, आणि तो इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर आहे.

किल्लीवरचं बटण दाबलं की रेडिओलहरी निघतात, सेकंदाला सुमारे ४३ कोटी कंपनांच्या. फोनचा माइक हवेची कंपनं पकडतो, तीही माणसाच्या आवाजाची, सेकंदाला काही हजारांपर्यंतची. रेडिओलहर त्या माइकला ऐकूच येत नाही, मग ती पुढे पाठवणार काय? बंपरला लिंबू-मिरची बांधण्याइतकाच हा उपाय गुणकारी आहे, फक्त लिंबामुळे निदान फोनचं बिल येत नाही.

मला मात्र त्या निरोपातले ‘घरची दुसरी किल्ली’ हे तीन शब्द बोचले. माझी गाडी सेकंडहँड, आधीच्या मालकाने एकच किल्ली हातात ठेवली होती. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर साडेसहा हजार आणि आठ दिवस. नाना पेठेत छत्रीखाली बसणाऱ्या चावीवाल्याने दीडशे रुपयांत, चहा येईपर्यंत, हुबेहूब किल्ली कापून दिली. तिने दार उघडलं. इग्निशनमध्येही फिरली. सेल्फ मारला, इंजिन एक सेकंद गुरगुरलं आणि बंद. पुन्हा तेच. डॅशबोर्डवर किल्लीचं छोटं चित्र लुकलुकत होतं. चावीवाला शांतपणे म्हणाला, “साहेब, ही दाराची झाली. गाडीची पाहिजे तर चिप टाकावी लागेल, कोडिंग करावं लागेल. अठराशे.”

दीडशे आणि अठराशे यांच्यामध्ये जे आहे, त्याच्या मी गेली काही वर्षं प्रेमात आहे. तेव्हा थोडा धीर धरा.

आपल्या हातातल्या किल्लीत प्रत्यक्षात तीन किल्ल्या असतात. एक धातूची. तिच्या दात्यांची उंची कुलपातल्या पत्र्यांशी जुळली की कुलूप फिरतं. दुसरी बटणांची, ती दारं उघडते आणि तिला बटण-सेल लागतो. तिसरी प्लॅस्टिकच्या डोक्यात दडलेली असते, सेंटीमीटरभर लांबीची काळी वडी किंवा काचेची नळी. हीच चावीवाल्याची चिप. तिला बटण नाही, सेल नाही, आणि ती तिथे आहे हे अनेक गाडीमालकांना आयुष्यभर कळत नाही. “रिमोटचा सेल गेला, आता गाडी सुरू होणार नाही” ही भीती त्यामुळेच खोटी. सेल गेला तर बटणं मरतात, चिप जिवंत राहते. बटण-स्टार्टच्या बहुतेक गाड्यांतही सेल संपल्यावर किल्ली स्टार्ट बटणाला टेकवली किंवा ठरलेल्या खोबणीत ठेवली की काम होतं.

सेल नाही तर चिपला वीज कुठून मिळते? इग्निशनच्या कुलपाभोवती तारेच्या वेढ्यांचं एक कडं बसवलेलं असतं. किल्ली फिरवली की गाडी त्या कड्यातून सेकंदाला साधारण १ लाख २५ हजार वेळा पुढे-मागे हेलकावणारा प्रवाह सोडते. त्यामुळे कड्याभोवती चुंबकीय क्षेत्र फुगतं, आटतं, उलटं होतं. चिपच्या शेजारी फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या काडीवर केसाहून बारीक तारेचे शेकडो वेढे असतात. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेचं वेटोळं ठेवलं की त्यात वीज निर्माण होते, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. शाळेत आपण ते चुंबक आणि गॅल्व्हानोमीटर घेऊन केलं, गुण मिळवले आणि विसरून गेलो. किल्लीतली चिप मात्र गाडी सुरू करताना दर वेळी त्याच प्रयोगावर जागी होते.

या कंपनसंख्येच्या लहरीची लांबी २.४ किलोमीटर भरते. तिच्यापुढे बांगडीएवढं कडं म्हणजे अँटेना म्हणून निकामीच, आणि इथे तेच हवं आहे. लहरी दूर जात नाहीत, क्षेत्र कड्याभोवतीच घुटमळतं. कड्यापासून जरा दूर गेल्यावर अंतर दुप्पट केलं की ते आठपट क्षीण होतं, तिप्पट केलं की सत्तावीसपट. म्हणून खिशातल्या किल्लीतली ही चिप कुलपाला दिसत नाही, कुलपात घातलेलीच दिसते.

आता उलटी वाट. अनेक चिपांना स्वतःचा आवाज नसतो. त्या बोलतात कशा? जात्यावर दोघी बसल्या आहेत असं समजा. एक खुंटा फिरवते, दुसरी वैरण घालते. फिरवणारीने डोळे मिटले तरी वैरण कधी पडली हे तिला हाताला कळतं, कारण जातं जड होतं. चिप नेमकं हेच करते. आपल्या वेटोळ्यावरचा भार ती क्षणात वाढवते, क्षणात काढते. गाडीच्या कड्याला ते ‘जड’ जाणवतं, आणि त्या जड-हलक्याच्या क्रमातून एक आणि शून्य वाचले जातात. विजेचं दान देणाऱ्याच्याच हाताला जाणवेल अशा बेताने ती वीज खायची, की झालं बोलणं! (काही चिपा आधी इवल्याशा कपॅसिटरमध्ये वीज साठवतात आणि कडं गप्प झाल्यावर स्वतः बोलतात. मला जात्यावाल्या जास्त आवडतात.)

पण बोलायचं काय? १९९०च्या दशकातल्या सुरुवातीच्या चिपा एकच ठरलेला आकडा सांगायच्या. हा परवलीचा शब्द झाला. किल्ल्याच्या दाराशी पहारेकरी विचारतो, आलेला माणूस शब्द सांगतो, झुडपामागचा हेर ऐकतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच शब्द सांगून हेर आत.

यावरचा तोडगा असा की पहारेकऱ्याने दर वेळी नवा प्रश्न विचारायचा. समजा दोघांत एक गुपित आकडा ठरला आहे, ३७. पहारेकरी मनाला येईल तो आकडा ओरडतो, आज ५८. उत्तर देणाऱ्याने ३७ ने गुणायचं आणि शेवटचे दोन अंक सांगायचे. ३७ गुणिले ५८ म्हणजे २१४६, उत्तर ४६. पहारेकऱ्यानेही मनात तोच गुणाकार केलेला असतो. जुळलं की दार उघडतं. ३७ हा आकडा कुणाच्याही तोंडून बाहेर पडलेला नाही, आणि उद्याचा प्रश्न वेगळा असल्यामुळे ४६ ऐकून हेराला काही फायदा नाही.

खरंच नाही? हेर जर गणिती असेल तर ५८ आणि ४६ वरून तो कागदावर मांडणी करेल आणि गुपित ३७ किंवा ८७ आहे इथपर्यंत पोहोचेल. (८७ गुणिले ५८ म्हणजे ५०४६. करून पाहा.) दुसऱ्या दिवशी पहारेकरी २१ म्हणाला आणि उत्तर ७७ आलं, की ८७ बाद. दोन संवाद ऐकले आणि किल्ला पडला.

हा खेळ अमेरिकेत खरोखर झाला. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज यांच्या संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची डीएसटी-४० ही चिप अशीच उलगडली. तिचं गुपित ४० बिटांचं, म्हणजे एक-शून्याच्या ४० घरांचं, शक्यता सुमारे १.१ लाख कोटी. उत्तर २४ बिटांचं. ४० मधून २४ गेले, उरले १६, म्हणजे एक संवाद ऐकल्यावर साधारण ६५,५३६ गुपितं शिल्लक राहतात. दुसरा संवाद ऐकला की एकच. आमच्या ३७ आणि ८७ चंच मोठं भावंड! फक्त इथे कागदावरची मांडणी चालत नाही, प्रत्येक शक्यता तपासावी लागते. त्यांनी १६ खास चिपांचं यंत्र जोडून ते काम तासाभराच्या आत उरकलं आणि २००५ सालची फोर्ड गाडी नकली किल्लीने सुरू करून दाखवली. पुढे मेगामॉस नावाच्या चिपचे दोष बर्मिंगहॅम आणि नेदरलँड्समधल्या तिघांनी शोधले, तेव्हा २०१३ मध्ये फोक्सवॅगनने ब्रिटनच्या न्यायालयातून तो शोधनिबंध अडवला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. गुपित राखण्यासाठी गणिताऐवजी वकील लागत असेल, तर ती चिप माझ्या मते हरलेलीच. आताच्या अनेक चिपांत १२८ बिटांची गुपितं असतात, तिथे एकेक शक्यता तपासणं विसरा.

तरी चिप असणं आणि नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये नव्या मोटारींना अशी यंत्रणा १९९८ पासून सक्तीची झाली, कॅनडात २००७ पासून. अमेरिकेत सक्ती नाही. तिथे २०११ ते २०२१ या काळातल्या किआ आणि ह्युंदाईच्या अनेक स्वस्त गाड्यांत ती बसवलेलीच नव्हती. कुलपाचं आवरण उचकटून आत यूएसबीच्या वायरीचं टोक घालून फिरवायचं आणि गाडी पळवायची, असे व्हिडिओ पोरांनी टाकले आणि चोऱ्यांची लाट आली. कॅनडातल्या त्याच गाड्यांना तसा धोका नव्हता.

आता अठराशे रुपयांकडे. चावीवाल्याकडे दोन रस्ते असतात. एक नकलेचा: चालू किल्लीतलं गुपित काढून कोऱ्या चिपवर लिहायचं. गाडीला वाटतं ही जुनीच किल्ली. २००५ मध्ये जे संशोधन होतं ते आज टपरीवरचं हातात मावणारं यंत्र करतं. दुसरा नोंदणीचा: स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीची तपासणी करायच्या खाचेला) यंत्र जोडून, गाडीचा गुप्त पिन देऊन, नव्या चिपची ओळख गाडीच्या मेमरीत चढवायची. माझ्या गाडीला त्याने दुसरा रस्ता घेतला. त्याआधी आरसी बुक मागितलं, ते पाहून मला बरं वाटलं. जो मागत नाही त्याच्याकडे मी जाणार नाही.

दोन्ही रस्ते एक किल्ली चालू असली तर सोपे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या फोर्डच्या काही गाड्यांत तर दोन चालू किल्ल्या एकामागोमाग फिरवून तिसरी कोऱ्या चिपची किल्ली घरच्या घरी शिकवता येते, यंत्र लागतच नाही. सगळ्या हरवल्या की मात्र गाडीला गुपित विचारायला ओळखीचं कुणी उरत नाही. मग कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला संगणक, उघडून मेमरी वाचा, नाहीतर अख्खा लॉकसेट बदला, आणि खर्च कुठल्या कुठे जातो. आणि किल्ली हरवली असेल तर नवी नोंदवताना जुनीचं नाव मेमरीतून काढायला सांगायचं. ती सापडलेल्याला दार उघडता येईल, गाडी नेता येणार नाही.

दीडशेची बिनचिपेची किल्ली मी टाकली नाही. ती पाकिटात असते. किल्ली आत राहून दार लॉक झालं तर तिचंच काम आहे, फोन लावायची गरज नाही.

अठराशेची किल्ली घेतली त्या दिवशी मी हौसेने दोन्ही चिपवाल्या किल्ल्या एकाच कडीत अडकवून घरी निघालो. सिग्नलला गाडी बंद पडली, पुन्हा सेल्फ मारला, एक सेकंद गुरगुर आणि बंद. मागून हॉर्न. डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र लुकलुकतंय. चावीवाल्याला मनातल्या मनात चार शिव्या घालून झाल्यावर लक्षात आलं, की जात्यात दोघी एकदम वैरण घालत होत्या.