गोव्यात टीव्हीचं नवं कनेक्शन: सक्ती बॉक्सची, पॅक तुमच्या मर्जीचा

केबलवाल्याने ‘सरकारी नियम आहे’ म्हटलं की आपण मुकाट सही करतो. नियम आहे, पण तो सेट-टॉप बॉक्सपुरता. 2011 साली केबल कायद्यात दुरुस्ती झाली आणि अ‍ॅनालॉग केबल, म्हणजे बॉक्सशिवाय थेट टीव्हीला जोडायचं जुनं केबल, चार टप्प्यांत बंद करायचं ठरलं. मुंबईत 2012 मध्येच बॉक्स आले. पणजी, मडगाव, फोंडा अशा आपल्या शहरांना 2015 अखेरची मुदत होती, आणि गावांची शेवटची मुदत 31 मार्च 2017 ला संपली. तेव्हापासून बॉक्सशिवाय केबल नाही. मात्र कोणाचं कनेक्शन घ्यायचं, बॉक्स विकत की भाड्याने आणि कुठले चॅनल, हे तीनही निर्णय ग्राहकाचे आहेत.

कोण अर्ज करू शकतं, काय लागतं

कोणीही, भाडेकरूसुद्धा. सरकारी योजनांमुळे पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला शोधायची सवय लागली असेल तर तो कपाटातच राहू दे, उत्पन्नाचा दाखलाही नको. ओळखीचा पुरावा म्हणून आधार, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना. पत्त्यासाठी वीजबिल किंवा भाडेकरार. मोबाइल नंबर चालू असावा, कारण पुढचे सगळे संदेश त्यावरच येतात. भाड्याच्या घरात छपरावर डिश बसवायची असेल तर घरमालकाला आधी विचारलेलं बरं.

अर्ज भरताना

खरा महत्त्वाचा कागद म्हणजे ग्राहक अर्ज. बहुतेक ठिकाणी बॉक्स बसवायला आलेला मुलगा तो स्वतःच भरतो आणि आपण फक्त सही करतो. तसं करू नका. बॉक्स विकत, भाड्याने की हप्त्यावर घेतलाय हे त्यात लिहिलेलं हवं. भाड्याचा असेल तर अनामत रक्कम किती आणि बॉक्स परत केल्यावर ती कशी मिळणार, तेही. अर्जाला स्वतंत्र क्रमांक असतो. तुमची प्रत मागून घ्या. पुढे वाद झाला तर हातात तेवढंच असतं.

चॅनल निवडीची जागा कोरी सोडू नका. प्रत्येक सशुल्क चॅनल सुटा देणं बंधनकारक आहे. पॅक घेतलाच पाहिजे असं कुठेही नाही. सुट्या चॅनलांची बेरीज कधीकधी पॅकपेक्षा जास्त होते हे खरं, पण बेरीज करून पाहायला काय जातं? त्याशिवाय नेटवर्क शुल्क, म्हणजे कनेक्शनचा मूळ मासिक आकार, असतं. त्यावर पूर्वी 130 रुपयांची मर्यादा होती, जीएसटी वेगळा. जुलै 2024 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ती उठवली, बसवणी आणि अ‍ॅक्टिव्हेशनच्या शुल्कांवरचीही. आता हे दर कंपनीच ठरवते, पण तिला ते जाहीर करावे लागतात. म्हणून तोंडी आकड्यावर विसंबू नका, छापील किंवा वेबसाइटवरचे दर बघा. घरात दुसरा टीव्ही असेल तर त्याचं शुल्क वेगळं विचारा.

बॉक्सच्या मागे बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून तपासता येतो.

एक गोष्ट मात्र अजून ग्राहकाच्या हातात नाही. कंपनी बदलली की बॉक्सही बदलावा लागतो, कारण प्रत्येकीचं एन्क्रिप्शन, म्हणजे सिग्नलला लावलेलं कुलूप, वेगळं. एकच बॉक्स सगळीकडे चालावा अशी शिफारस ट्रायने 2020 मध्ये केली होती, दुकानात तसा बॉक्स अजून दिसत नाही. म्हणून कंपनीवर भरवसा नसेल तर विकत घेण्यापेक्षा भाड्याचा बरा, असं माझं मत.

फ्री डिश

दूरदर्शनच्या फ्री डिशला अर्जही नाही आणि मासिक शुल्कही नाही. डिश आणि बॉक्सचा एकदाच खर्च. एमपीईजी-4 बॉक्स घ्या, जुन्या बॉक्सवर कमी चॅनल दिसतात. उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे, त्यामुळे गोव्यातून डिशचं तोंड आग्नेयेकडे येतं. त्या बाजूला माड असेल तर जागा बदला. माड वाढतो, वाऱ्यात झावळ्या हलतात आणि चित्र अडकतं. जोराच्या पावसात थोडा वेळ सिग्नल जाणं मात्र कुठल्याही डिशला चुकत नाही.

घर बंद असेल तर

मुंबईत नोकरी आणि घर पेडण्यात किंवा सत्तरीत, चवथीला उघडणार, शिगम्याला उघडणार, अशी घरं पुष्कळ. मधल्या काळात कनेक्शन तात्पुरतं बंद ठेवायची विनंती करता येते. तेव्हा चॅनलचे पैसे लागत नाहीत, भाड्याच्या बॉक्सचं भाडं मात्र लागू शकतं. विनंती अ‍ॅपवरून किंवा ईमेलने करा, म्हणजे तारीख राहते. परत सुरू करायला किती घेणार, हेही त्याच वेळी विचारून ठेवा.

तक्रार

आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवून क्रमांक घ्या. काम झालं नाही तर नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे न सुटलेल्या तक्रारींसाठी कंपनीनेच नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. त्याचा संपर्क वेबसाइटवर देणं कंपनीला बंधनकारक आहे. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे पत्र पाठवून वाट बघत बसू नका. पुढची पायरी 1915 ही ग्राहक हेल्पलाइन, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, जो उत्तर आणि दक्षिण गोव्यासाठी वेगवेगळा आहे. कंपनीचं कार्यालय कुठेही असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. कंपनीला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकीलही सक्तीचा नाही. सोबत ग्राहक अर्जाची प्रत, रिचार्जच्या पावत्या आणि तक्रार क्रमांक जोडा.