मधुमेहात गूळ चालतो?

"साखर बंद केली, आता गुळाचाच चहा घेतो," असं मधुमेह असलेली माणसं समाधानाने सांगतात, तेव्हा खरंच काळजी वाटते. गूळ चालतो, हा समज चुकीचा आहे. उसाचा रस आटवून केलेल्या गुळात बहुतांश सुक्रोजच असतं, म्हणजे साखरच. 100 ग्रॅम साखरेत साधारण 400 कॅलरी, गुळात 380च्या आसपास. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. गुळात लोह असतं, हे खरं. पण चमचाभर गुळातून ते कितीसं मिळणार? त्यात चहातलं टॅनिन लोहाचं शोषण कमी करतं. उलट 'नैसर्गिक' म्हणून हात सैल सुटतो आणि एकाऐवजी दोन चमचे पडतात. काकवी आणि मधाचंही तेच. गुळाची पुरणपोळीसुद्धा गोडातच धरायची.